शांत वाढदिवस घरच्या घरी: आठ दिवस आधीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"यंदा वाढदिवसाला काही नको, घरीच शांत बसायचंय." एवढं बोलून झालं की बहुतेकांना वाटतं, तयारी संपली. मग रात्री १२ वाजता फोन वाजायला लागतो. सकाळचे दोन तास प्रत्येकाला "धन्यवाद" लिहिण्यात जातात. दुपारी कुणीतरी "इथूनच चाललो होतो" म्हणत दारात उभं राहतं आणि रात्री भांडी घासताना लक्षात येतं की आपल्या दिवसातली दहा मिनिटंसुद्धा आपल्या वाट्याला आली नाहीत. दुसरा प्रकार याच्या उलट. कुणाला काही सांगितलं नाही, कुणी आलं नाही आणि अमक्याचा फोन अजून कसा आला नाही, हे बघत दिवसभर आपणच फोन हातात धरून बसलो.

दोन्हींचं मूळ एकच आहे. शांत दिवस मागून घ्यावा लागतो आणि मागण्याचं काम वाढदिवसाच्या आधी उरकावं लागतं. मी गेली काही वर्षं वाढदिवस असाच घालवते. पहिली दोन वर्षं पुरती फसली, कारण मी सगळी कामं त्याच दिवशी आणि उलट्या क्रमाने करत होते. खालचा क्रम त्या चुकांमधून बसलेला आहे. एखादा टप्पा तुम्हाला लागू नसेल तर खुशाल गाळा, पण राहिलेल्यांचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: कशापासून शांतता हवी, ते लिहून काढा (८ ते १० दिवस आधी)

"शांत" या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. कुणाला गर्दी नको असते, पण दोन जवळची माणसं हवी असतात. कुणाला माणसं चालतात, फोन नको असतो. कुणाला फक्त स्वयंपाकातून आणि घरकामातून सुट्टी हवी असते आणि त्या सुट्टीलाच शांतता म्हणायचं असतं. हे आधी उलगडलं नाही तर पुढचं सगळं चुकीच्या दिशेला जातं.

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे त्या दिवशी काय नको ते, उजवीकडे काय हवं ते. डावा रकाना भराभर भरतो. उजव्यापाशी पेन थांबतं आणि खरं काम तिथेच असतं. "आराम" असं लिहू नका, तो शब्द काहीच सांगत नाही. "सकाळी ९ पर्यंत अंथरुणात", "कादंबरीची शेवटची १०० पानं", "दुपारी खिडकीपाशी नुसतं बसणं", "धाकट्या बहिणीशी अर्धा तास बोलणं" अशा नोंदी करा. चार-पाच पुरेत.

तुमचा जन्म २९ फेब्रुवारीचा असेल तर आणखी एक निर्णय आत्ताच घ्या: इतर वर्षी २८ फेब्रुवारी की १ मार्च? तो जवळच्यांना कळवा. नाहीतर दोन्ही दिवशी शुभेच्छा येतात आणि दोन्ही दिवस अर्धे अर्धे होतात.

तपासा: उजवा रकाना रिकामाच राहत असेल आणि मनात फक्त "कुणी नको, काहीच नको" एवढंच असेल, तर जरा थांबा. थकव्यामुळेही असं वाटतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर पूर्ण एकट्याचा दिवस आखू नका. एका विश्वासाच्या माणसाला घरी बोलवा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. हे काम वाढदिवसापेक्षा जास्त निकडीचं आहे.

## टप्पा २: माणसांना सांगा (६ ते ७ दिवस आधी)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिली चूक म्हणजे "काही नको" हे वाक्य. आपल्याला ते स्पष्ट वाटतं. समोरच्याला ऐकू येतं, "थोडा आग्रह करा". त्यात आणखी "उगाच कशाला त्रास" अशी पुस्ती जोडली की झालंच, माणसं त्रास घ्यायला सज्ज होतात. नकार द्यायचा तर त्यासोबत समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवायला हवं. ज्याला आपल्यावर माया करायची आहे, त्याला ती कधी आणि कशी करायची ते सांगा.

दुसरी चूक: सगळ्यांना एकच संदेश. मोठ्यांना असं लेखी कळवलेलं लागतं, मित्रांना ते कोरडं वाटतं. तीन गट करा.

वडीलधाऱ्यांना फोनच करा आणि आधीच करा. माझी वाक्यं साधारण अशी असतात: "आई, यंदा वाढदिवसाला मी घरीच असणार आहे, फोनही दिवसभर बाजूला ठेवणार आहे. मी बरी आहे, काही झालेलं नाही, फक्त दमलेय. सकाळी ८ वाजता मीच तुला फोन करते, तेव्हा आशीर्वाद दे." यात "काही झालेलं नाही" हे शब्द वगळू नका. माणूस एकटं राहायचं म्हणाला की घरच्यांच्या मनात पहिली शंका भांडणाची किंवा आजाराची येते आणि तिचं उत्तर आधीच दिलं नाही तर तेच विचारायला दहा फोन येतात.

जवळच्या मित्रमैत्रिणींना: "यंदा वाढदिवस गुपचूप घरी घालवतेय. सरप्राइज अजिबात नको, मनापासून सांगतेय. पुढच्या शनिवारी भेटू, तू वेळ सांग." इथे "पुढच्या शनिवारी" हा महत्त्वाचा भाग आहे. "नंतर कधीतरी भेटू" म्हटलंत तर सरप्राइज येणारच.

कामाच्या ठिकाणच्यांना एवढंच पुरतं: "त्या दिवशी रजेवर आहे, तातडीचं काम आदल्या संध्याकाळी ५ पर्यंत कळवा." वाढदिवसाचा उल्लेखही करू नका. कार्यालयात वाढदिवसांची यादी लावत असतील तर त्यातून आपलं नाव काढायला आधी सांगून ठेवा. विनंती साधी आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही.

घरात इतर माणसं राहत असतील तर प्रकरण वेगळं आहे. तिथे "मला एकटं राहायचंय" हे वाक्य दुखावतं, कारण ते दार बंद केल्यासारखं लागतं. त्यांच्याकडे दिवस मागू नका, तास मागा. "सकाळी ७ ते ११ मी माझ्या खोलीत, त्यानंतर जेवण सगळे मिळून" असं ठरलं की कुणालाच वगळल्यासारखं वाटत नाही. लहान मुलांना "आईला शांतता हवी आहे" हे कळत नाही, "घड्याळाचा छोटा काटा ११ वर आला की आई बाहेर येईल" हे कळतं. त्यांना वाढदिवस हवाच असतो. त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम आधीच ठरवून टाका, म्हणजे ती सकाळपासून दारावर थापा मारत नाहीत.

शेवटची गोष्ट: एका माणसाला राखणदार नेमा. नवरा, बायको, बहीण, मित्र, कुणीही चालेल. कुणी गुपचूप काही आखत असेल तर ते या माणसाच्या कानावर येतं. त्याला आधीच सांगून ठेवा की आपल्याला खरोखर नको आहे आणि त्याने ते तिथल्या तिथे थांबवावं.

सावध: ज्याच्या फोनची तुम्ही मनातून वाट बघणार आहात, त्याला कधीही "फोन करू नकोस" सांगू नका. त्याने खरंच केला नाही तर दिवसभर तेच सलत राहतं.

## टप्पा ३: घर (२ दिवस आधी संपवा)

नियम एकच: वाढदिवसाच्या दिवशी आवराआवर करायची नाही. म्हणजे ती आधी व्हायला हवी आणि तीही थोडीच.

पहिल्या वर्षी मी सकाळी चहा पिता पिता कपाटाचा वरचा कप्पा "जरा" उघडला. दुपारी ४ वाजता मी जमिनीवर बसलेली होते. एका बाजूला न चालणाऱ्या चार्जरचा गुंता, दुसऱ्या बाजूला फाटकी पाकिटं, मांडीवर सहा वर्षांपूर्वीच्या पावत्या. उठता येईना, कारण उठलं तर ढिगावर पाय पडला असता. कप्पा स्वच्छ झाला, दिवस गेला.

म्हणून दोन दिवस आधी फक्त एवढं करा:

१. चादर आणि उशांचे अभ्रे बदला.
२. ओटा आणि सिंक रिकामं करा, केराची टोपली बाहेर काढा.
३. ज्या जागी तुम्ही सर्वांत जास्त बसणार आहात तो एक कोपरा सजवा. खुर्ची, उशी, दिवा, चार्जरपासून लांब, हात पोहोचेल इथे पाण्याची बाटली.
४. बाकीचा पसारा एका खोक्यात भरून डोळ्यांआड करा. तो निवडायचा नाही.

घरातली अडकलेली कामं, म्हणजे बिल, औषधं, सिलिंडर, घरपोच येणाऱ्या वस्तू, यांतली जी त्या तारखेच्या आसपास येतात ती आधी उरका. ऑनलाइन मागवलेलं काहीही त्या दिवशी पोहोचणार असेल तर तारीख बदलून घ्या. दुपारच्या झोपेत वाजलेली बेल सगळं मोडते.

मेणबत्ती लावायची असेल तर वात कात्रीने साधारण ६ मिलिमीटरवर कापा. लांब वात काजळी धरते आणि ज्योत नाचते. पडदा, कागद, कपडे यांपासून ती किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा आणि एका वेळी ४ तासांपेक्षा जास्त जाळू नका.

सावध: डोळा लागण्याची शक्यता असेल तर मेणबत्ती पेटवूच नका. साधा टेबलावरचा दिवा पुरतो.

## टप्पा ४: खाणं (आदल्या दिवशी निम्मं काम)

एकच पदार्थ ठरवा आणि तो खरोखर आवडीचा असू दे. चार पदार्थांचा घाट घातला की सकाळ ओट्यापाशी जाते. चिरणं, भिजवणं, वाटणं आदल्या दिवशी करून ठेवा. त्या दिवशी गॅसपाशी अर्ध्या तासाहून जास्त उभं राहायचं नाही. बाहेरून मागवायचं असेल तर काय आणि कुठून हे आधीच ठरवा. भूक लागल्यावर फोन हातात घेतला की पदार्थ निवडता निवडता संदेशही वाचले जातात.

केक घरी करणार असाल तर एक हिशेब सांगते, कारण एक-दोन माणसांसाठी केक करताना हमखास घोळ होतो. लोक साहित्य निम्मं करतात आणि भांडं तेच ठेवतात. मग केक पापडासारखा पसरतो आणि कडा करपतात. किंवा भांड्याचा व्यासही निम्मा करतात आणि मिश्रण उतू जातं. भांड्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. ८ इंची गोल भांड्याची पाककृती निम्मी केली तर ती ६ इंची भांड्यात नीट बसते, कारण ८ चा वर्ग ६४ आणि ६ चा ३६, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. भांड्याची उंची सारखी हवी, एवढंच. एका अंड्याचं अर्धं करायचं असेल तर ते वाटीत फेटून मग वजन करा. कवच सोडून मध्यम-मोठ्या अंड्याचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास असतं, त्यातलं २५ ग्रॅम घ्या. भट्टीचं तापमान पाककृतीत आहे तेच ठेवा, वेळ मात्र कमी लागतो. मूळ वेळेचा दोन तृतीयांश भाग झाला की मधोमध सुई घालून बघायला सुरुवात करा. त्याआधी दार उघडू नका, मध्यभाग खचतो. वरून क्रीम लावायचं असेल तर केक पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर क्रीम वितळून ओघळतं. म्हणूनच केक आदल्या संध्याकाळी भाजलेला बरा.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एकटं असलं की "रात्री पुन्हा खाईन" म्हणून पातेलं ओट्यावरच राहतं.

तपासा: आदल्या रात्री झोपण्यापूर्वी बघा: उद्यासाठी दुकानात जावं लागेल अशी एकही वस्तू राहिली आहे का? एक जरी असली तरी आत्ताच आणा.

## टप्पा ५: फोन (आदल्या रात्री १० च्या आत)

फोन पूर्ण बंद करायचा सल्ला मी देत नाही. आजारी आईवडील, लहान मुलं, जबाबदारीचं काम, असं काहीतरी प्रत्येकाच्या मागे असतं. फोन बंद केला की डोकं तिकडेच राहतं. त्यापेक्षा गाळणी लावा.

१. वाढदिवसाची तारीख लपवा. हे खरं तर आठवडाभर आधीच करून टाका. फेसबुकवर जन्माचा दिवस-महिना आणि जन्मवर्ष यांची दृश्यता वेगवेगळी ठरवता येते. बरेच जण फक्त वर्ष लपवतात आणि मग सूचना का गेली म्हणून चकित होतात. दिवस-महिना "ओन्ली मी" वर ठेवा. तारीखच चुकीची टाकण्याच्या भानगडीत पडू नका, ती वारंवार बदलता येत नाही आणि मग चुकीच्या दिवशी शुभेच्छा येतात.

२. व्हॉट्सअॅपवरचे गट म्यूट करा. ८ तास, १ आठवडा आणि कायम असे तीन पर्याय असतात. ८ तास निवडलेत तर रात्री १० ला लावलेलं सकाळी ६ ला सुटतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. १ आठवडा निवडा.

३. "लास्ट सीन" आणि "ऑनलाइन" दोन्ही लपवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही उत्तर देत नाही हे माणसं सोसतात. ऑनलाइन दिसूनही उत्तर दिलं नाही, हे लागतं. निळ्या टिका बंद केल्या तरी गटात त्या दिसतातच, तेव्हा गटातला संदेश उघडूच नका.

४. डू नॉट डिस्टर्ब लावा, पण दोन-तीन नावांना सूट द्या. अँड्रॉइडवर आणि आयफोनच्या फोकसमध्ये ठरावीक माणसांचे कॉल वाजू देता येतात. सोबत पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलची सोयही चालू ठेवा. आयफोनवर एकाच व्यक्तीने ३ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो, अँड्रॉइडवर ही मुदत १५ मिनिटांची आहे. सूट दिलेल्यांना सांगून ठेवा: "खरंच अडलं तर लागोपाठ दोनदा लाव."

५. सुरुवातीची वेळ आदल्या रात्री १० ठेवा. १२ वाजताचे फोन हेच पहिलं संकट असतं. नातलग दुसऱ्या देशांत असतील तर आणखी आधी. पृथ्वीवर एकच तारीख कुठे ना कुठे जवळजवळ ५० तास चालू असते, त्यामुळे शुभेच्छा आदल्या दिवसापासून सुरू होऊन दुसऱ्या दिवशीही येत राहतात.

६. घड्याळ आणि गाण्यांची सोय फोनबाहेर करा. वेळ बघायला म्हणून उचललेला फोन वीस मिनिटांनी खाली जातो. जुनं घड्याळ, रेडिओ, स्पीकर, जे असेल ते काढून ठेवा.

तपासा: सगळं लावून झाल्यावर घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करून बघा. सूट दिलेला नंबर वाजतो का? बाकीचे गप्प राहतात का? मी एका वर्षी हे न तपासता झोपले आणि आईचाच नंबर वगळला गेला होता. सकाळी तिचे ११ मिस्ड कॉल होते आणि ती शेजाऱ्यांना माझ्याकडे पाठवायच्या बेतात होती.

## टप्पा ६: दिवसाला तीन खुंट्या ठोका (आदल्या रात्री)

पूर्ण मोकळा दिवस हाताळायला अवघड जातो. आपल्याला त्याची सवय नसते. तासातासाचं वेळापत्रक केलं तर तो कामाचाच दिवस होतो. म्हणून फक्त तीन ठरलेल्या गोष्टी: एक सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी. बाकीचा वेळ त्यांच्यामध्ये सैल सोडायचा. पहिल्या टप्प्यातला उजवा रकाना काढा आणि त्यातूनच निवडा.

निवड आजच संपवा. सिनेमा बघायचा तर कोणता, हे आजच. अॅप उघडून शोधत बसलं की संध्याकाळ त्यातच सरते. पुस्तक वाचायचं तर त्याची पहिली १० पानं आज घड्याळ लावून वाचा. १० पानांना १५ मिनिटं लागली तर तीन तासांत १२० पानं होतील, ४०० पानांचं पुस्तक एका दिवसात संपणार नाही हे आत्ताच कळतं. शिवाय पुस्तक आवडलं नाही तर बदलायला वेळ राहतो.

जुने फोटो बघायचे असतील तर फोनमध्ये बघू नका. दहा-बारा निवडून आधीच छापून आणा. ४ × ६ इंची छपाईला ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) १२०० × १८०० पिक्सेल लागतात, फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोत ते सहज असतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मात्र दाबून लहान केलेला असतो, तो पाठवणाऱ्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.

सावध: नवं काही शिकायला हा दिवस निवडू नका. पहिल्या प्रयत्नात जमत नाही आणि वाढदिवसाला न जमणं उगाच जास्त लागतं.

## टप्पा ७: प्रत्यक्ष दिवस

सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास फोनला हात लावू नका. नंतर ठरलेला एक फोन, आईला किंवा ज्यांना शब्द दिलाय त्यांना. बोलून झालं की फोन दुसऱ्या खोलीत, पालथा.

आंघोळीनंतर घरातले, पण धुतलेले आणि आवडते कपडे घाला. कालचाच गाऊन किंवा बनियन अंगावर राहिलं तर दुपारी १ च्या सुमारास दिवस आजारपणाच्या रजेसारखा वाटायला लागतो. छोटी गोष्ट आहे, पण मी तिच्याबाबत आता आग्रही आहे.

वाढदिवसाला मनात हिशेब सुरू होतोच. वय वाढलं, हे झालं नाही, ते राहिलं. त्याला दाबून ठेवलं तर तो रात्री वर येतो. सकाळीच, प्रकाश असताना, वहीत लिहून टाका. प्रश्न मात्र नीट निवडा. "मी काय मिळवलं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी कमीच वाटतं. मी हे विचारते:

- या वर्षात मी कुणाच्या शेजारी जास्त वेळ बसले?
- कोणती गोष्ट मागच्या वर्षी टोचत होती आणि आता टोचत नाही?
- माझ्या हातांनी काय दुरुस्त झालं, वाढलं किंवा पूर्ण झालं?
- कुणाला काही सांगायचं राहिलंय?
- पुढच्या वर्षी याच दिवशी मला कुठे बसलेलं आवडेल?

मागच्या वर्षीच्या दुसऱ्या प्रश्नापुढे मी फक्त "गुडघा" असं लिहिलं होतं. त्याआधीचे सात महिने जिना उतरताना कठडा धरावा लागत होता आणि तो कधी सुटला ते मला कळलंही नव्हतं. लिहिल्यावर मी उठून जिन्यापर्यंत गेले आणि कठडा न धरता दोनदा खाली-वर करून आले.

वीस मिनिटं लिहा, जास्त नको. पानावर तारीख घाला, घडी करून पाकिटात ठेवा, वर पुढच्या वर्षीची तारीख टाका.

दुपारी जेवणानंतर झोपायचं असेल तर ३ च्या आत आणि २०-३० मिनिटं. दीड तास झोपून संध्याकाळी ५ वाजता जड डोक्याने उठलं की पुढचा टप्पा कठीण जातो.

तपासा: दुपारी ३ वाजता स्वतःला विचारा: आत्ता मी जे करतेय ते कागदावरच्या यादीतलं आहे का? फडकं, झाडू किंवा ऑफिसची फाइल हातात असेल तर खाली ठेवा.

## टप्पा ८: संध्याकाळ, ५ ते ८

हे तीन तास सांभाळले की दिवस सांभाळला. उजेड कमी होतो, सकाळचा ताजेपणा ओसरतो, नेमकी याच वेळी इतरांच्या वाढदिवसांची गर्दी आठवते आणि फोनकडे हात जातो. तिसरी खुंटी इथेच ठोकलेली असावी.

माझा क्रम असा: ५ वाजता घरातले दिवे लावायचे, अंधार पडायची वाट बघायची नाही. मग २० मिनिटं गच्चीत, अंगणात किंवा रस्त्याने एक फेरी, फोन न घेता. दिवसभर चार भिंतींत राहिलं की मन आखडतं आणि माणसं त्याला एकटेपणा समजतात. परत आल्यावर ६ ते ७ बोलण्याची वेळ: ठरलेली दोन किंवा तीनच माणसं, फोनवर किंवा समोर. मागून घेतलेली शांतता दिवसभर पुरते, पण प्रत्येकाला कुणाचा तरी आवाज एकदा हवाच असतो. तो आपण ठरवलेल्या वेळी आला की आधार वाटतो. मग जेवण, तेही ताटात वाढून, टेबलापाशी किंवा पाटावर बसून. पातेल्यातून उभ्याने खाऊ नका.

याउपर रडू आलं तर येऊ द्या. वाढदिवसाला येतं कधीकधी आणि त्यात काही चुकलेलं नसतं. पाणी प्या, फेरी मारून या आणि अर्ध्या तासाने हलकं वाटलं नाही तर राखणदाराला फोन करा. दिवस शांत ठेवायचा ठरला होता म्हणून रडतही एकट्यानेच बसायचं, असा काही नियम नाही.

झोपण्याच्या एक-दोन तास आधी दहा मिनिटं गरम पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते. पाण्यातून बाहेर आल्यावर शरीर आतून थंड होत जातं आणि ते झोपेला पोषक असतं.

सावध: रात्री ११ वाजता "आता एकदा बघूनच घेऊ" म्हणून संदेश उघडू नका. कुणाचा आला नाही, हेच आधी दिसतं.

## टप्पा ९: दुसऱ्या दिवशी उत्तरं

सकाळी एक तास बाजूला काढा आणि उत्तरं एका बैठकीत संपवा. क्रम असा: ज्यांनी फोन केला होता त्या मोठ्यांना उलट फोन, मग ज्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं त्यांना स्वतःच्या शब्दांत उत्तर, शेवटी गटांवर एकेक संदेश. बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी गटावर सोपं "सर्वांचे आभार" टाकतात, ते बघून मावशी म्हणते, "गटावर वेळ आहे, मला फोन करायला नाही."

उशिराबद्दल लांबलचक माफी नको. "काल दिवसभर फोन बाजूला ठेवला होता, आज निवांत वाचलं, फार बरं वाटलं" एवढं खरं आणि पुरेसं आहे.

मित्रांना दिलेला शनिवार पाळा. तो टाळलात तर पुढच्या वर्षी कुणी तुमचं ऐकणार नाही.

मग म्यूट केलेल्यांपैकी जे गट हवेत ते चालू करा, "लास्ट सीन" पूर्ववत करायचं की नाही ते ठरवा आणि कॅलेंडरमध्ये पुढच्या वाढदिवसाच्या १० दिवस आधीची आठवण लावून ठेवा. त्या आठवणीतच लिहा यंदा काय फसलं ते. माझ्या यंदाच्या नोंदीत दोन ओळी आहेत: "पाकीट कुठे ठेवलंय ते इथे लिहून ठेव" आणि "५ चे दिवे पावणेपाचला लाव".